पडद्यावरची वाफ

मला एक सांगा. समोर लॅपटॉप आहे, त्यावर हिरव्या अक्षरांत लिहून आलंय की बॉयलर चालू, वाफेचा दाब सात किलो. आणि तिकडे त्याच बॉयलरचं तोंड उघडं पडलंय, एक माणूस कमरेपर्यंत आत शिरून ब्रशने नळ्या घासतोय. भरवसा कोणावर ठेवायचा?

हसू नका, माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे. असे किस्से माझ्याकडे दुकानाच्या खणात जुन्या गॅस्केटी साचतात तसे साचलेत. फेकवत नाहीत आणि विकतही नाहीत!

माझं दुकान बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, पट्टे, बॉयलरचं किरकोळ सामान. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण आमच्याकडच्या साइजिंगवाल्यांनी बॉयलरला नवी पॅनलं बसवली, त्यांची सॉफ्टवेअरं आली, आणि लॅपटॉप जोडला गेला नाही की इंदूरचा इंजिनिअर फोनवर म्हणायचा, "परसों देखते हैं." त्या परवाची वाट बघायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. मग मीच त्याला फोनवर विचारून विचारून सगळं डायरीत उतरवून घेतलं, एक पिशवीभर केबली जमवल्या आणि या धंद्यात पडलो.

साइजिंग म्हणजे काय, तर मागावर चढायच्या सुताला कांजी लावून ते वाफेवर वाळवायचं. वाफ थांबली की कारखाना थांबला. बॉयलर सांभाळतं ते भिंतीवरचं पॅनल. लॅपटॉप फक्त बघतो, लिहून ठेवतो, आणि मालकाला हौस आली तर चालू-बंदचं बटण दाबू देतो.

मी सांगतोय तो कारखाना महेशचा. पोरगा हुशार, वडिलांमागे धंदा नीट सांभाळला. आणि बॉयलरवर श्रावणआबा. निंबोल्याहून सकाळच्या बसने येणारे, तीस वर्षं त्याच बॉयलरसमोर बसलेले. पहिल्याच दिवशी महेश आबांच्या समोर मला म्हणाला, "काका, एकदा हे लॅपटॉपवर बराबर दिसू द्या, मग आबांना सुट्टी. दुसऱ्या पाळीचा बॉयलर-सर्टिफिकेटवाला माणूस ऑफिसात बसून दोन्ही पाळ्या बघेल."

आबा म्हणाले, "घरी बसून मी काय करू भो? केळीच्या मळ्यात पोरं मला पाय ठेवू देत नाहीत. म्हणतात, बुढ्याला ड्रिपमधलं समजत नाही."

म्हणजे बघा, मी केबल जोडली की आबांची नोकरी जाणार. आणि केबल जोडताना मला चहा पाजणार आबाच!

* * *

तर ते सात किलो.

महेशकडे सुरतेचे पाहुणे आले होते. ऑफिसात लॅपटॉप उघडून तो त्यांना दाखवत होता, "देखिए, यहाँ बैठे बैठे सब दिखता है." काटा सातवर, पाणी मधोमध, सगळं हिरवंगार. पाहुणे माना डोलवत होते. मीही जरा छाती काढून बसलो होतो.

तेवढ्यात आबा हात पुसत दारात आले. पडद्याकडे बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं.

"भाऊ, सात किलो वाफ आहे म्हणता, तर दामूला बाहेर बोलावू का? भाजेल नं तो!"

दामू आत नळ्या घासत होता. त्या दिवशी बॉयलर सफाईला उघडलेला होता. मी लॅपटॉप जवळ ओढला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'डेमो' लिहिलेलं. केबल मागे खिळ्याला लटकत होती!

* * *

दुसरी भानगड भोकांची.

लॅपटॉपला केबल लावायला तीन भोकं. मी ज्यात लावून दिली होती, सॉफ्टवेअरला तेवढंच ओळखीचं. झाडताना कोणीतरी केबल काढली आणि शेजारच्या भोकात लावली. झालं! 'पोर्ट सापडत नाही' म्हणून महेशचे सकाळपासून नऊ फोन.

मी गेलो, केबल जुन्या भोकात लावली, निघालो. आबांचा विश्वास बसेना.

"फक्त भोक बदललं म्हणून?"

"हो आबा. ते भोकाच्या नंबरवरून ओळखतं."

आबा बॉयलरकडे बघत म्हणाले, "तीस वर्षांत यानं मला कधी विचारलं नाही, आज कोणत्या दरवाजानं आलास!"

* * *

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. महेशच्या आई स्वतः ताट घेऊन कारखान्यात येतात. त्या वर्षी त्यांनी बॉयलरला हार घातला, वजनकाट्याला घातला, आणि नव्या पॅनललाही मनोभावे हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप जोडला तर 'डिव्हाइस सापडत नाही'. केबल बदलली. ड्रायव्हर परत टाकला. लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही! शेवटी बॅटरीचा झोत टाकून पॅनलच्या पुढच्या सॉकेटात डोकावलो, तर आतून लालेलाल. आणि मधोमध एक तांदूळ बसलेला.

पॅनलचा करंट बंद केला आणि टाचणीने हळूच तो दाणा काढला. आबा ओरडले, "फेकू नका शेठ, अक्षता आहे!" त्यांनी तो दाणा पॅनलच्या डोक्यावर नेऊन ठेवला. मी ब्रशने कुंकू साफ केलं, लॅपटॉप लागला.

आईंना मी अगदी नरमाईने म्हटलं, "पुढच्या वेळी कुंकू जरा बाजूला लावा."

त्या म्हणाल्या, "मी कपाळालाच लावलं. याचं कपाळ दुसरीकडे असेल तर तू दाखव!"

आता त्या पॅनलवर ऑइलपेंटने एक गोल काढलेला आहे. त्याखाली आबांच्या अक्षरात लिहिलंय, 'कपाळ'.

* * *

यानंतर एक दुखणं आलं, त्याने मला तीन दिवस रडवलं. लॅपटॉप लागायचा, दहा मिनिटं चालायचा, तुटायचा. परत लावा, परत तुटायचा. इंदूरवाला फोनवर म्हणाला केबल बदला. बदलली. म्हणाला ड्रायव्हर बदला. बदलला. म्हणाला लॅपटॉप बदला. महेश म्हणाला, "आता काय कारखाना बदलू?"

तिसऱ्या दिवशी आबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "शेठ, राग नका मानू. तुम्ही चहाला उठता नं, तेव्हा हा बराबर चालून राहिला. तुम्ही आले की बिघडतो."

राग आला, खोटं कशाला बोलू? पण माणूस तीस वर्षं आवाजावरून बॉयलर ओळखतोय, सोडून देण्यासारखं नव्हतं. मी विचार केला, चहाला उठताना मी काय करतो? फोन चार्जिंगला लावतो. बोर्डावर जागा एकच, म्हणून लॅपटॉपचा चार्जर काढतो!

चार्जर काढला, चालला. चार्जर लावला, तुटला. कारखान्याचं अर्थिंग खराब होतं आणि त्या वायरीतून येणारा गोंधळ चार्जरवाटे थेट केबलीत उतरत होता. नवीन अर्थिंग घातलं, दुखणं संपलं.

संध्याकाळी इंदूरहून फोन, "शेठजी, कैसे ठीक किया?" मी काही बोलायच्या आत आबांनी फोन घेतला.

"कुछ नहीं साब, शेठ को चाय पिलाई!"

* * *

वायरीचा वैताग आला म्हणून महेशने वायफायचा डबा आणला. पॅनलला डबा लावायचा, ऑफिसातून बिनवायरी बघायचं. दहा मिनिटांत लागला. मला वाटलं, आता आबांचं काही खरं नाही. आबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दिवशी चहा आला नाही.

महेश पडदा बघून ओरडला, "आबा, दाब उतरतोय, आग वाढवा!"

आबांनी लाकडं टाकली. दाब आणखी उतरला. परत टाकली. परत उतरला. आबा ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. "भाऊ, माझा काटा वर चढून राहिला. हा कोणाचा आहे ते बघा."

"आबा, तुमचा काटा जुना झालाय," महेश म्हणाला आणि त्याने रागाने लॅपटॉपवरचं बंदचं बटण दाबलं.

आगीला हवा देणारा आमचा पंखा घरघरत राहिला. बॉयलर चालूच! दोन मिनिटांनी भिंतीपलीकडच्या साइजिंगवाल्यांचा फोन. "महेशभाई, हमारा बॉयलर अपने आप बंद हो गया. आपके यहाँ वो काका बैठे हैं क्या? जरा भेजो ना!"

त्यांनी गेल्या आठवड्यात तसलाच डबा घेतला होता. माझ्याच दुकानातून. दोन्ही डब्यांचं नाव एक, पासवर्डही एक!

मी गेलो, त्यांचा बॉयलर चालू करून दिला. काय झालं होतं ते मात्र अजून सांगितलेलं नाही. आमच्याकडे डबा काढून परत वायर लावली.

* * *

आता हे शेवटचं.

शुक्रवारी दुपारी साइजिंगचे कारागीर नमाजाला जातात. तेवढा वेळ मशीन उभं असतं आणि बॉयलर मंद आगीवर. अशाच एका शुक्रवारी कारागीर परत आले तर वाफ नाही. आबा म्हणाले, "आज मिळणार नाही, बॉयलर थंडा करून राहिलो." अर्ध्या दिवसाचं काम बुडालं. महेश त्या दुपारी घरी होता.

शनिवारी सकाळी त्याने मला बोलावलं. चेहरा लाल.

"काका, लॅपटॉपमधलं कालचं रेकॉर्ड काढा. अकरा ते पाच काहीच नाही त्यात, कोरं आहे. आबांनी वायर काढली आणि मुद्दाम बॉयलर बंद केला. लॅपटॉपला बदनाम करायला. हे सिद्ध झालं की आज हिशोब देऊन घरी पाठवतो."

"आबांना विचारलं?"

"त्यांना काय विचारायचं? लॅपटॉप सांगेल."

आबा दाराशी उभे होते.

मी केबल बघितली, चांगली. सॉकेट स्वच्छ. भोक तेच. मग लॅपटॉपमध्ये बघितलं, तो त्या वेळात काय करत होता. बंद नव्हता. साडेबाराला एक फाइल उघडली होती. मी ती महेशसमोर धरली. 'माझे आवडते फूल', इयत्ता चौथी. खाली त्याच्या लेकीचं नाव.

महेशने नाव वाचलं. मग म्हणाला, "विसरलोच, काल मीच घरी नेला होता. तिचं प्रोजेक्ट होतं."

लॅपटॉप कारखान्यात नव्हताच! आता रेकॉर्ड कुठून सापडणार? मला हायसं वाटलं. महेशलाही वाटलं, मनाने वाईट नाही तो. म्हणाला, "जाऊ द्या आबा. पाण्याचा पंप अडकला असेल. पुराना पंप है."

"पंपच," मी म्हटलं. "या पंपांचा भरवसाच नाही."

आबांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

ते आत गेले आणि बॉयलरजवळची वही घेऊन आले. रोजचा दाब, रोजचं पाणी, सगळं ज्यात लिहायचं ती. महेशने ती वही कधी उघडलेली नव्हती. आबांनी शुक्रवारचं पान काढून टेबलावर ठेवलं.

"शुक्रवार. कारागीर नमाजाला गेले. पाण्याची टाकी भरायची राहिली. मला झोप लागली. पाणी कमी झाल्याचा भोंगा वाजला तेव्हा जाग आली. बॉयलरच्या काचेत पाणी दिसलं नाही. पंखा पॅनलने आधीच बंद केला होता. आग बाहेर ओढली. गरम बॉयलरमध्ये पाणी सोडलं नाही, फुटला असता. थंडा होऊ दिला. चूक माझी. श्रावण."

महेशने पान वाचून वर बघितलं.

"आबा," महेश म्हणाला, "इथं कोणी नव्हतं. लॅपटॉपही नव्हता. कोणाला कळलं असतं? कशाला लिहिलंत?"

आबांना प्रश्नच समजला नाही असं वाटलं.

"मी होतो नं," ते म्हणाले.

महेशने ते पान परत एकदा वाचलं. मग आबांच्या खिशातला पेन काढला, त्या नोंदीखाली लिहिलं, 'लॅपटॉप मी घरी नेला होता', आणि सही केली. वही मिटून आबांच्या हातात दिली.

"सोमवारी किती वाजता येता?"

"साडेसातची बस आहे नं."

तुमच्याकडे बॉयलर असो नसो, कसली ना कसली वही असेलच. तेवढी खरी लिहा, एवढंच मागणं आहे.