बारीक धार

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो आणि तो हंगामी फिटर. काहीही विचारलं की तो आधी पाइपाला तळहात लावायचा आणि पाइपाकडे बघतच उत्तर द्यायचा.

एकदा उसाच्या रसात, तो स्वच्छ करण्यासाठी घालतात ते चुन्याचं पाणी नीट मिसळेना. टाकीतला पंखा अखंड फिरत होता, तरी चुना कुठे जास्त, कुठे कमी. मी मोठा पंखा मागवायला निघालो.

"पंखा कशाला, सायेब? म्हशीची धार काढताना चरवीत कोण ढवळतंय व्हय? धार बारीक आन् जोराची असली की फेस आपोआप येतोय की."

त्याने चुन्याच्या नळीचं तोंड बारीक केलं आणि धार थेट वाहत्या रसात सोडली. रस एकसारखा झाला.

अहवालात मी या युक्तीला 'जेट मिक्सर' असं नाव देऊन खाली माझीच सही केली. मला बढती मिळाली. त्याला कायम करण्याचा विषय निघाला, तेव्हा वरिष्ठांनी विचारलं, "याचं काही विशेष काम?"

"तसं काही नाही," मी म्हणालो.

हे त्याला कळलं. हंगाम संपताना पाना माझ्या टेबलावर ठेवत तो एवढंच म्हणाला, "इचारल्यावर तरी सांगायचं की, सायेब."

ती कल्पना त्याची होती. तेव्हा एवढं एक वाक्य पुरलं असतं.