चौथी पट्टी

मी आणि माझा मित्र, आम्ही दोघं नागपूरच्या प्रताप नगरातले, एकाच बॅचचे वैमानिक. तो माझ्याआधी कॅप्टन झाला. त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या, माझ्या तीनच. त्याच्या शेजारी को-पायलट म्हणून बसताना माझ्या पोटात दुखायचं.

त्या दुपारी नागपूरला उतरत होतो. कंट्रोलनं चार हजार फुटांपर्यंतच खाली यायला सांगितलं. मी ते परत म्हणून दाखवलं. त्यानं मात्र ऑटोपायलटवर उंचीचा आकडा लावला तीन हजार. लावलेला आकडा दोघांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचायचा असतो. पण आम्ही पडलो गाववाले, गप्पांत ते राहून गेलं. तो म्हणत होता, "आईनं पाटोडीची भाजी केली, तू पण चाल गा."

मला चूक दिसली होती. तरी तीन-चार सेकंद मी बोललो नाही. कळू दे कॅप्टनला, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, ते सेकंद मला गोड लागले. मग म्हणालो, "आकडा पाहा."

तसेच गणवेशात त्याच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा त्यानं आईला सांगितलं, "यानं लगेच टोकलं म्हणून वाचलो."

आई मला वाढत म्हणाली, "असंच ध्यान ठेवत जाय गा त्याच्यावर."

मी हो म्हणालो. तेव्हाही माझी नजर त्याच्या चौथ्या पट्टीवरच होती.