जुन्या पाणटोपाच्या दुरुस्तीसाठी वाटूरला

समुद्राखाली उतरणाऱ्या माणसांची यंत्रं दुरुस्त करायची हा माझा धंदा. त्यामुळे मोठ्या साहेबांनी बोलावून वाटूरला जायला सांगितलं, तेव्हा मी आधी नकाशात समुद्र शोधला. तो कुठेच जवळ नव्हता.

भानगड अशी होती. वाटूरच्या किसनरावांनी भंगार बाजारातून एक जुना पाणबुड्याचा संच घेतला होता. तांब्याचा टोप, लांब रबरी नळी आणि काठावरून हवा सोडणारा हातपंप, असा लढाईच्या वेळचा माल. तो घालून ते पंचक्रोशीतल्या विहिरींचे झरे मोकळे करत, गाळात रुतलेले नळ काढत. पण हल्ली खाली गेलं की त्यांचा श्वास कोंडायचा. दोनदा त्यांना बेशुद्ध अवस्थेत वर ओढलं होतं. पंपावरच्या पितळी पट्टीवर आमच्या कंपनीचं नाव दिसलं म्हणून त्यांनी आम्हाला कळवलं. हपिसात सगळ्यांचं मत पडलं की हा माल आपण त्यांना विकलेला नाही, हमी कधीच संपली. साहेब एवढंच म्हणाले, "आत श्वास घेणारा माणूस आपलं नाव वाचून उतरतो." झालं, मी कुरकुरत पिशवी भरली.

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर मनमाडला गाडी बदलावी लागते हे ध्यानात ठेवा. तिथून पुढे छोट्या रुळांची गाडी. ती औरंगाबाद, जालना करत अशी रमतगमत जाते की खिडकीतून ज्वारीची कणसं मोजावीत. घरचा डबा मनमाडपर्यंतच पुरला, पुढे जालन्याला गरम भजी आणि कपभर गोड चहा मिळाला. थंडीत जाणार असाल तर घोंगडी हवीच. मी नेली नव्हती. समोरच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याने न विचारता आपल्या घोंगडीचं टोक माझ्या पायांवर टाकलं आणि झोपून गेला. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

परतूरला किसनराव बैलगाडी घेऊन उभे होते. उंच, बारीक, बोलायला मऊ. गाव किती लांब म्हणून विचारलं तर म्हणाले, "बिलकुल जवळ हाय साहेब." निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं, पोचलो तेव्हा दिवे लागले होते. वाटेत कापसाच्या गाड्यांनी उडवलेला फुफाटा नाकातोंडात गेला, पण एका शेतात थांबवून त्यांनी मला हुरडा खिलवला. गरम गरम, सोबत शेंगदाण्याची चटणी. रस्त्याबद्दलची माझी तक्रार तिथेच संपली.

सकाळी संच उघडला. पंप बराबर, नळी बराबर. मग टोपाच्या मागची, नळीतून हवा आत घेणारी झडप खोलली आणि माझे हात थांबले. झडपेवर शेंदराचा जाड थर बसला होता. तेलात कालवलेला, वाळून कडक झालेला. हवेला वाट उरली होती ती जेमतेम.

किसनरावांनी मान खाली घातली. शेंदूर त्यांची बायको गिरजाबाई लावायची, दर वेळी उतरण्याआधी. मग ते वर येईपर्यंत देवापुढे बसायची, पाण्याचा घोटही न घेता. त्यांनी मला हळूच विनवलं, "गुपचूप साफ करून टाका. तिला कळलं तं ती अन्न सोडंल."

मी पेचात पडलो. साफ करणं सोपं होतं, पण पुढच्या विहिरीच्या वेळी ती पुन्हा लावणार. आणि तिसऱ्यांदा त्यांना वेळेत वर ओढतील याची खात्री कुणी द्यावी? तशी दुरुस्ती करून मुंबईला परत जाणं मला जमणार नव्हतं. मी गिरजाबाईंना बोलावून घेतलं.

शेंदूर तिथेच का, असं विचारल्यावर त्या सरळ म्हणाल्या, "टोपावरचं कुंकू पाण्यात धुऊन जातं, भाऊ. हवा जिथून आत येती, राखण तिथंच पायजे का न्हाई?"

मी झडप त्यांच्या हाती दिली आणि फुंकायला सांगितलं. गाल फुगले, हवा जाईना. मग त्यांच्यासमोरच शेंदूर खरवडला, साबणाच्या गरम पाण्याने झडप धुतली, कातड्याची नवी चकती बसवली आणि पुन्हा फुंकायला सांगितलं. या वेळी फुंकर आरपार गेली. त्यांनी झडप उलटसुलट करून पाहिली. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"मंग म्या काय करू?" त्या शेवटी म्हणाल्या. "नुस्ती घरात बसून राहू?"

"पंपावर या," मी म्हणालो.

त्यांचे दीर सोपानराव चपापले. बाईमाणूस पंपावर, चार लोक काय म्हणतील, वगैरे. पण किसनरावांनी टोप उचलला आणि चालू लागले, तेव्हा विषय मिटला. विहिरीवर मी गिरजाबाईंना दांडा कसा दाबायचा, लय का तुटू द्यायची नाही, खाली उतरलेल्याच्या कमरेच्या दोरीला झटका आला तर काय समजायचं, ते शिकवलं. कडेला बघे जमले होते. पदर खोचून त्या एका बाजूला उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला दीर. शेंदराचं बोट त्यांनी पंपाच्या लाकडी पेटीला लावलं. तिथे कंपनीची काही हरकत नव्हती.

किसनराव खाली गेले. पाणी हिरवं, पाच परस म्हणजे पाच पुरुष खोल. बुडबुडे येत राहिले. मी ते एकेक करून मोजत होतो, हे कबूल करतो. बऱ्याच वेळाने दोरीला झटका आला आणि रुतलेल्या नळाचं तोंड मोकळं करून माणूस शुद्धीत, हसत वर आला. मी देवाचे, कंपनीचे, साहेबांचे, सगळ्यांचे आभार मानले.

टोप काढल्यावर ते बायकोला म्हणाले, "खाली समदं ऐकू येत व्हतं. तू कवा दमलीस, कवा हात बदललास, समदं."

घरी जाऊन गिरजाबाई पहिल्यांदा तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मग त्यांनी आम्हाला भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. तसं पिठलं मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

परत येऊन बरेच महिने झाले. अंगावरचा फुफाटा दादरला पोचेपर्यंत निघाला, ज्यांनी गाडीत घोंगडी टाकली, हुरडा भाजला, त्यांचे उपकार मात्र अंगावर आहेत आणि ते राहू देत. आमच्याकडे जुने संच घेऊन लोक येतच असतात. मी झडपा तपासतो, चकत्या बदलतो. पण स्क्रू फिरवण्याआधी आता एक प्रश्न विचारतो, जो कंपनीच्या कुठल्याही पुस्तकात नाही: तुम्ही खाली असताना वर पंपावर कोण असतं?