मोटर बंद झाली की

माझ्या धाकट्या भावानं मामाच्या विहिरीवरच्या मोटरची केबल कापली. विकली मात्र नाही. गुंडाळी करून तिच्यावरच बसून राहिला. सकाळी माणसं आली तरी पळाला नाही. मामानं तक्रार दिली. तो चौकीत, आणि मी आईला मोटरसायकलवर घेऊन कळसाडीत, मामाच्या गावी, त्याच्या ओट्यावर. आई बसली. मला बसवेना.

मामा म्हणाला, "तू कॉलेज शिकना ना? मंग सांग, काबर कापी त्यानी? कारण पटनं तं तक्रार मांगे लिसू."

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, तीही मानसशास्त्रात. हे मी मिरवतो, लाजत नाही. म्हणून सरळ बोललो. गुन्हा करणाऱ्याला कधीकधी स्वतःलाच कारण ठाऊक नसतं. लहानपणी दाबलेलं दुखणं आत तसंच राहतं आणि मोठेपणी भलतीकडून बाहेर पडतं. आई-बाबा ऊसतोडीला गुजरातेत जायचे, आम्हा दोघांना इथं मामाकडं ठेवून. तो तर तेव्हा नुकता चालायला लागलेला...

"म्हंजे केबल त्यानी कापी नि चूक मन्ही?" आई म्हणाली.

"तसं नाही गं."

"तूबी आठेच व्हता ना? तू काबर नही कापी?"

याचं उत्तर मी परीक्षेत कधी लिहिलं नव्हतं. ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिलो. आईवर ढकलायला आलो नव्हतो मी. पण ढकललं तर होतंच.

मामा मात्र विहिरीकडं बघत होता. हळूच म्हणाला, "तो लई रडे. मी तेले रोज सांगू, मोटर बंद व्हयनी का तुन्ही माय येई. मंग दिनभर विहिरीपासेच बशी ऱ्हाये."

मामानं पायांत चपला सरकवल्या आणि चौकीकडं निघाला.

धाकट्याला सोडवून परतताना आम्ही तिघं एकाच गाडीवर. मी धाकट्याला मामाचं बोलणं सांगितलं. तो मागून हसला. "माले काहीच आठवत नही. तुन्हं कॉलेज तुन्हापासेच ठेव."

खरंच आठवत नसेल. हे कारण इतकं नेमकं बसलं, की माझाच त्यावर पुरता भरवसा नाही. मामाचं ते वाक्य मीही रोज ऐकायचो. मोटर तर रोजच बंद व्हायची, वीज गेली की. मी थोडा मोठा होतो, मला ते खोटं कळायचं.

आई आमच्या दोघांच्या मधे बसलेली. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी म्हणाली, "तू नही देखे का मन्ही वाट?"

मी गाडी उगाच जोरात पळवली.