आडव्या वाटेवरची ओटी

मला उंचीची भीती वाटत नाही, कडेची वाटते. हा फरक मी घरात अनेकदा समजावून सांगितला आहे आणि घरातल्यांनी अनेकदा मान डोलावली आहे. वाळवण घालायला मी गच्चीवर जाते, पण बरोबर मधोमध घालते. त्यामुळे एवढी मोठी गच्ची असून आमचे पापड एकमेकांच्या अंगावर चढून वाळतात. मांडव्याच्या जेट्टीवरून चालतानाही मी मधली रेघ सोडत नाही. समोरून येणारे बाजूला होतात. त्यांना वाटतं, बाई ठाम आहेत.

अशा बाईची मुलगी दर रविवारी किल्ल्यावर जाते. नोकरी पनवेलला, आणि तिथल्याच डोंगर चढणाऱ्या मंडळींमध्ये तिला मुलगा भेटला, म्हसळ्याकडचा. आम्हाला मुलगा पसंत होता. त्याच्या वडिलांना मुलगी पसंत होती. अडलं होतं ते त्याच्या आईशी. मुलीत काही खोट आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांना मुलाला डोंगरावरून घरी आणणारी सून हवी होती आणि ही तर त्याच्या पुढे चढत होती. दिवाळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ‘बघू’ असा निरोप आला. लग्न जमवणाऱ्या घराला ‘बघू’चा अर्थ विचारावा लागत नाही. मुलगी जेवताना फोन उलटा ठेवायला लागली.

शेवटी मुलानंच तोड काढली. तो आईला म्हणाला, मी कुठे जातो ते एकदा डोळ्यांनी बघ आणि मग नाही म्हण. गडावर देवीचं देऊळ आहे म्हणून त्या तयार झाल्या. मग असं ठरलं की आम्हीही चढायचं आणि दोन्ही घरांची भेट देवळात व्हायची. हे ठरल्याबरोबर दोघांच्याही वडिलांचे गुडघे दुखायला लागले. ते दोघं गडाखाली चहाच्या टपरीवर बसून राहणार होते.

गाडीत मुलीनं मला गडावरचे नियम सांगितले. ज्या बाजूला डोंगर, त्या बाजूनं चालायचं. चढणाऱ्यांना आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यांनी थांबायचं. अरुंद जागी उभं राहायचं नाही. गवताला धरायचं नाही. हात दोन्ही मोकळे ठेवायचे. मागच्याचा पाय आपल्या पायावर पडेल इतकं जवळ जायचं नाही. मी सगळे पाठ करून दाखवले. मग ती म्हणाली, “आणि आई, त्यांच्यासमोर फक्त नीट वाग.” यासाठी वेगळा नियम करावा लागतो हे मला थोडं लागलं, पण मी ते गिळलं.

माझ्या हातात पिशवी होती. देवीची ओटी मी मुलीच्या सॅकमध्ये जाऊ दिली होती, पण मुलाच्या आईची ओटी माझ्याकडेच होती. नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी. नव्या माणसाची ओटी सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीखाली चेपून कशी न्यायची? मुलगी म्हणाली, हात मोकळे ठेवायचे ठरलं होतं. मी म्हटलं, एक आहे ना मोकळा.

गडाखाली पोचलो तेव्हा जत्रा भरली होती. आम्हाला उशीर झाला होता आणि तो माझ्यामुळे झाला होता, कारण नारळाच्या वड्या थापल्यावर थंड व्हायला वेळ घेतात. मुलगा आणि त्याची आई पहाटेच येऊन वर गेले होते. वर फोनला रेंज नव्हती. दोघांचे वडील टपरीवर भेटले आणि नमस्कार होताच एकमेकांना गुडघे दाखवायला लागले. आम्ही दोघी निघालो.

आमच्या आळीत कुणी समोरून आलं की विचारायचं असतं, कुठे निघालात, बरं आहे ना. मी गडावरही तसंच सुरू केलं. पहिल्या चढावरच माझा आवाज गेला. एकसारखे शर्ट घातलेली सबंध कंपनी उतरत होती आणि मी शेवटच्या माणसापर्यंत चौकशी केली. मुलगी म्हणाली, इथे नुसती मान हलवली तरी चालते. उतरणाऱ्यांचा म्हणून एक शिष्टाचार असतो, तोही मला कळला. अजून किती आहे असं विचारलं की सगळे जण सांगतात, आता आलंच, दहा मिनिटं. हे मला पायथ्याशीही सांगितलं आणि अर्ध्यावरही सांगितलं. एकानं छातीवर स्पीकर लटकवला होता आणि त्यातून ढोल वाजत होते. एक जण घरातल्या स्लिपरवर आला होता आणि माझे नवेकोरे बूट बघून म्हणाला, काकू, जपून. घसाऱ्यावर, म्हणजे जिथे नुसती सुटी खडी पायाखाली पळते, तिथे तो माझ्यापेक्षा आधी बसला. बसला म्हणजे बसायचं ठरवून नव्हे.

मग एक रुंद कट्ट्यासारखी जागा आली आणि तिच्यापुढे आडवी वाट.

आडवी वाट म्हणजे कड्याच्या पोटातून काढलेली पट्टी. एका बाजूला कातळ. त्यात खिळे ठोकून दोर बांधलेला. दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी पाहिलं नाही, त्यामुळे सांगू शकत नाही. एका वेळी एकाच माणसाला जागा. मधोमध चालायची सोय नाही, कारण तिथे मध्य आणि कड ही एकच गोष्ट होती. मुलीनं मला कट्ट्यावर थांबायला सांगितलं होतं, वाटेवर आधीच असलेली माणसं येऊन गेली की जाऊ म्हणून. पण मागून रेटा आला, मला वाटलं आता जायचंय, आणि मी दोर धरून निघाले. चार अनोळखी मुलं माझ्या मागोमाग घुसली आणि मुलगी त्यांच्या मागे राहिली. मी वाटेच्या मध्यापर्यंत गेले आणि समोरून एक बाई आल्या.

फोटोत पाहिलं होतं म्हणून ओळखलं. मुलाची आई. साडी खोचलेली, पायात बहुधा मुलाचेच बूट. त्यांच्या मागे मुलगा. आमची वाट पाहून, गर्दी वाढायच्या आत उतरू म्हणून ते निघाले होते. त्यांनीही मला ओळखलं. पंजाबी ड्रेस घातल्याचा मला पश्चात्ताप झाला. दोघींना नमस्कार करायचा होता, पण त्याला दोन हात लागतात.

मी म्हटलं, “या ताई, तुम्ही या आधी.”

आता नियमानं पाहिलं तर मी चढत होते, म्हणजे वाट माझी होती. पण मुलाच्या आईला थांबवून आपण पुढे जायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. त्या म्हणाल्या, “न्हाय ओ, तुम्ही चढताय. तुम्ही या.” म्हणजे त्यांच्या मुलानंही त्यांना गाडीत नियम शिकवले होते. मी म्हटलं, असं कसं, तुम्ही थकला असाल. त्या म्हणाल्या, मी कसली थकत्ये, तुम्हीच या. हे बराच वेळ चाललं. इतक्या मानानं बोलल्यामुळे मला बरं वाटत होतं. मागे ढोलवाला आला होता. कुणी तरी शिट्टी वाजवली. एक जण म्हणाला की मावशी, आग्रह नंतर करा. मुलगा आईला सांगत होता, आपण मागे होऊ, काकूंना येऊ दे. त्या त्यालाही म्हणाल्या, थांब जरा, बोलतोय ना आम्ही.

तेव्हा मला त्यांच्या बांगड्या ऐकू आल्या. दोरावर किणकिण वाजत होत्या. वारा अजिबात नव्हता.

मग मी माझ्या हाताकडे पाहिलं. तोही तसाच थरथरत होता, फक्त मी बांगड्या घरी काढून ठेवल्या होत्या. माझ्या लक्षात आलं की मी त्यांना मान देतच नव्हते. मला एक पाऊल टाकता येत नव्हतं, आणि हे न सांगता उभं राहायला मान फार सोयीचा पडत होता. त्यांचंही तेच चाललं होतं.

त्यानंतर मी जे बोलले ते ठरवून बोलले असं अजूनही कुणाला वाटतं. ठरवायला डोकं लागतं. मी म्हटलं, “विहीणबाई, माझे पाय हलत नाहीयेत.”

शब्द गेला. दोनदा ‘बघू’ म्हणालेल्या बाईला मी कड्यावर, ढोलाच्या साथीत, सगळ्या अनोळखी लोकांसमोर विहीण म्हटलं होतं. मुलानं कातळाकडे पाहिलं. माझ्या मागच्या मुलानं मागे निरोप दिला की दोन विहिणी अडकल्यात, ढकलू नका. तो निरोप माणसामाणसानं खाली गेला. ढोल बंद झाला.

मुलाच्या आईनं माझ्याकडं नीट पाहिलं. “माझे तरी कुठं हलतायत,” त्या म्हणाल्या.

मागून मुलीचा आवाज आला. ती ओरडली नाही. घरी मीठ मागते त्या आवाजात आधी मागच्या मुलांना म्हणाली, एकेक जण उलटे कट्ट्यावर या, घाई नाही. ती मुलं मुकाट गेली. मग म्हणाली, “आई, तोंड कातळाकडे कर. दोन्ही हात दोरावर. काकू, तुम्ही पण तसंच. आईचा पाय हलला की मग तुमचा.”

“दुसऱ्या हातात पिशवी आहे,” मी म्हटलं.

गाडीतला मोकळ्या हातांचा नियम मुलीनं काढला नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. पिशवी सोडून द्यायची तर खालच्या वळणावर माणसं होती, आणि नारळ कुणाच्या डोक्यात पडणार हे तो विचारून पडत नाही. वळून मागे द्यायची तर वळायला हवं. हात पोचत होता तो फक्त समोर.

“काय हाय त्यात?” मुलाच्या आईनं विचारलं.

“तुमची ओटी.”

एका हातानं दोर धरून त्यांनी दुसऱ्या हातानं कमरेचा पदर सोडला आणि माझ्यापुढं केला. मुलानं मागून त्यांना दंडाला धरलं होतं. “द्या इकडं,” त्या म्हणाल्या. मी नारळ, खण आणि बाकीची पुडी पिशवीसकट त्यांच्या पदरात ठेवली. त्यांनी पदर पिळून कमरेला घट्ट खोचला आणि दोन्ही हात दोरावर नेले. कुंकू लावायचं राहिलं. पाच सुवासिनींची जागाही नव्हती.

मग आम्ही कातळाला नाक लावून आडव्या सरकलो. मी म्हणायची, उचलला. त्या म्हणायच्या, ठेवला. कातळावर मुंग्यांची रांग होती आणि त्या उतरणाऱ्याला थांबवून चढणाऱ्याला वाट देत होत्या की काय, हे मी पाहत राहिले, कारण दुसरीकडे पाहण्यासारखं काही नव्हतं. कट्टा आला तेव्हा मुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. खोळंबलेले लोक आमच्याजवळून जाताना हसले, एक-दोघांनी अभिनंदन केलं. स्लिपरवाला म्हणाला, काकू, लग्नाला बोलवा.

आमचं देऊळ राहिलंच होतं. आमची मुलं म्हणाली, आम्ही देवीची ओटी देऊन येतो, तुम्ही इथून हलू नका. ही सूचना अनावश्यक होती. आम्ही दोघी कट्ट्याच्या आतल्या कोपऱ्यात, कडेपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसलो. मुलीनं सॅकमधून दिलेला वड्यांचा डबा मी उघडला. आडव्या वाटेवरून दोघं जात होती. माझी मुलगी पुढं, त्यांचा मुलगा मागं. तिनं मध्ये थांबून समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याला आधी येऊ दिलं, स्वतः उलटी मागे येऊन. चढणाऱ्याची वाट आधी, हा नियम तिनंच मला शिकवला होता आणि तिनंच तो मोडला.

मी म्हटलं, मघाशी तोंडातून निघून गेलं, मनावर घेऊ नका. त्यांनी वडी खाल्ली, दुसरी घेतली. साखर बरोबर पडल्येय, म्हणाल्या. मग आडव्या वाटेकडे न पाहता बोलल्या, “तो एकटा यायचा ना, तवा मला घरात बसवायचं न्हाय. आता पाह्यलं हाय तर जास्तच बसवणार न्हाय. पण तुमच्या मुलीनं मघा आवाज चढवला न्हाय.” एवढंच. तो हो होता की आणखी एक बघू, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर कट्ट्यावर पोचल्यावर मला उरला नव्हता.

मुलं परत आल्यावर आम्ही उतरलो. घसाऱ्यावर आम्ही दोघी पहिल्यापासूनच बसून उतरलो, म्हणजे पडायचा प्रश्न आला नाही. खाली टपरीवर दोघांचे वडील पिठलं-भाकरी खाऊन बसले होते. माझा नवरा म्हणाला, वर कुणी दोन विहिणी अडकल्या होत्या म्हणे, तुमची काही अडचण नाही ना झाली? मुलाचे वडील म्हणाले, लोक सवय नसताना कशाला चढतात कोण जाणे.

मुलाच्या आई बाकावर बसल्या. कमरेचा पदर सोडला, पिशवी काढली, नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला. टपरीवाली म्हणाली, फोडून देऊ का, कोयता आहे.

“न्हाय,” त्या म्हणाल्या, “हा घरी न्यायचाय. देवापुढं ठेवायला.” आणि मग माझ्याकडं वळून कपाळ पुढं केलं. “राह्यलंय ना तुमचं?”

नवऱ्याजवळ ठेवलेल्या पर्समध्ये कुंकवाची डबी होती. कुंकू जरा उजवीकडं लागलं. माझी मुलगी बुटातली खडी झटकत होती. तिनं एक बूट बराच वेळ झटकला.

लग्न वैशाखात झालं. दोन्ही बाजूंनी मिळून एकच अट घातली होती, कार्यालय तळमजल्यावरचं हवं.