वाकळीत कुणाचे कपडे आहेत?

मंडळी, आणि भाषांतराचं बटण दाबून वाचणाऱ्या परदेशी मैत्रिणींनो,

मी लातुरात जुन्या कपड्यांच्या वाकळी शिवते, हे तुम्हाला माहीतच आहे. निळ्या वाकळीचा फोटो पाहून आज दुपारी परदेशातल्या एका बाईंनी विचारलं, "यात भूकंपात गेलेल्यांचे कपडे आहेत ना? असतील तरच मला हवी."

ते कपडे क्लाससाठी इथे राहिलेल्या मुलींचे आहेत. परीक्षा झाली की त्या जुने ड्रेस माझ्याकडे देऊन गावी जातात.

माझ्यासोबत टाके घालणाऱ्या शकिराआपा हसल्या. "हाव म्हणून टाक की गं! कापड काय बोलायलंय का?"

भूकंपात गेलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा परकर पेटीत आहे. त्याला मी अजून कात्री लावलेली नाही.

मी खरं तेच कळवलं. बाईंनी लगेच लिहिलं, मग वाकळ नको.

आता शंका तुमच्याबद्दलही येतेय. मागे मी बहिणीबद्दल लिहिलं, त्यानंतरच तुम्ही एवढ्या देशांतून माझ्या या पानावर आलात. खरं सांगा, माझा एक तरी टाका जवळून पाहिलात का?