दुप्पट खळ

घरी माग एकच होता आणि भाऊ दोन. म्हणून धाकटा कवडू नंदनवार नागपुरातल्या एका कापडगिरणीत लागला. तपासणीच्या खोलीत त्याचं काम एवढंच: कापडाची पट्टी दुमडायची, पाच मिनिटं वजनाखाली ठेवायची, मग एक टोक चिमट्यात धरून दुसरं मोकळं सोडायचं. ते हळूहळू उठे. आणखी पाच मिनिटांनी ते किती अंश उठलं, हे चकतीवर वाचून वहीत लिहायचं. घडी पडली की कापड किती सावरतं, ते अशा रीतीने ठरे.

त्रेचाळीस साली एका व्यापाऱ्याला शर्टांसाठी हातमागाचं कापड हवं होतं. गिरणीच्या चिठ्ठीत निदान पंचावन्न अंश आले, तर पाचपावलीतल्या घरी थोरल्या रामाजीच्या मागाला वर्षभराचं काम. नाहीतर माग बंद. सूत आणायलाही घरात काही उरलं नव्हतं.

रामाजीने नमुना स्वतः आणून दिला. कापड पत्र्यासारखं ताठ होतं.

"खळ दुप्पट देली गा," तो हसत म्हणाला. "तुह्या मिलवाल्यायनं तुले हसू नये."

कवडूने त्यावरून हात फिरवला आणि पट्टी कापायला घेतली.

अडतीस अंश. त्याने दुसरी पट्टी कापली, तिसरी कापली. अडतीस. खळीने धागे जखडले होते.

"साहेब, धुवून मोजू का?" त्याने तपासणीच्या साहेबाला विचारलं.

"गिऱ्हाईक दुकानात कापड धुवून घेतं काय? आलं तसं मोज."

कवडूने अडतीस लिहिले. चिठ्ठी गेली, काम दुसऱ्याला मिळालं.

उरलेला तुकडा त्याने नळावर धुतला, वाळवला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोजला. टोक उठत गेलं. चौसष्ट.

घरी रामाजीने विचारलं, "माह्या विणाईत खोट होती काय गा? खरं सांग."

"नाही, दादा."

"मंग काहून?"

खळ कुणासाठी दुप्पट दिली होती, हे दोघांनाही माहीत होतं. एकालाच तिचं मोल कळलं होतं.

"मशीनच तशी हाय, दादा."

"मशीनले का समजते!" रामाजी म्हणाला.

पंधरा दिवसांनी माग विकला गेला. मागापाशी पाय सोडून बसायचा खड्डा रामाजीने स्वतः मातीने भरला, वरून सारवला.

"चाल, तुले निजाले जागा झाली," तो कवडूला म्हणाला.

कवडू ओसरीतच निजत राहिला. ती जमीन ओली आहे, म्हणे. उन्हाळ्यातही तो तेच सांगे.